एक हजार ग्रॅमचा चाप

साहेब, तुम्ही खोटं बोललात, आणि तेही तीन प्रतींत.

हा आरोप आहे, अर्ज नव्हे. म्हणून याला तिकीट लावलेलं नाही, खाली 'आपला विश्वासू' नाही आणि वर विषय-संदर्भाची ओळ नाही. विषय तुम्हाला ठाऊक आहे. संदर्भ खुटबावला राहतो. तिचं नाव धुरपदा.

धुरपदा सत्तावीस वर्षांची, माळव्याच्या, म्हणजे भाजीपाल्याच्या, शेतीतली बाई. वांगी, घेवडा, दिवाळीच्या सुमारास शेवंती. बारा वर्षांची होती तेव्हापासून बाजारात तागडी धरायची. तागडी धरणाऱ्याचा हात खांद्यापासून मनगटापर्यंत सरळ लागतो, नजर काट्यावर लागते आणि गिऱ्हाईक कितीही बडबडलं तरी श्वास हलून चालत नाही. बारा वर्षं ही तालीम झाली. मग ती होमगार्डात गेली, शिबिरात तिच्या हातात कुणीतरी रिव्हॉल्व्हर दिलं आणि पहिल्या सहा गोळ्या तिनं वांग्याच्या देठाएवढ्या जागेत घातल्या. शिकवणारा हवालदार कागदाजवळ जाऊन बघून आला आणि चहा प्यायला निघून गेला.

दौंडच्या नेमबाजी क्लबात स्पर्धेचं रिव्हॉल्व्हर एकच, पॉइंट टू-टूचं. त्याची देखभाल सुदर्शन आप्पांकडं. आप्पा मांडवगण फराट्याचे. बाप-आजा मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडलेले, आप्पांनी मात्र पलटणीच्या वर्कशॉपात बावीस वर्षं बंदुका दुरुस्त केल्या. त्यांनी धुरपदाला दोन वर्षं तयार केलं. १९९८च्या दहा मेला विभागीय स्पर्धा दौंडलाच होती. त्यात पहिला नंबर आला तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर तिला अर्ज करता येणार होता. एक जूनला तिला अठ्ठावीस पूर्ण होणार होती आणि वयाची अट तिथं संपत होती. म्हणजे संधी एक. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायला पुढचं वर्ष नव्हतं.

मार्चमध्ये परिपत्रक आलं.

कुठंतरी कुणाच्या तरी रिव्हॉल्व्हरचा चाप हलका निघाला होता. चाप म्हणजे बोटानं ओढायचा तो. तो फार हलका असला तर बोट लागायच्या आत बार होतो, म्हणून चापाला किमान एक किलोची ओढ हवी असा जगभरचा साधा नियम आहे. तपासणीही साधी. घोडा, म्हणजे मागून काडतुसावर आपटतो तो, चढवायचा, नळी आभाळाकडं धरायची, चापाला एक किलोचं वजन अडकवून उचलायचं. घोडा पडला नाही की पास. अर्ध्या मिनिटाचं काम. एवढ्याशा कामासाठी शासन नेमतं तसा एक कक्ष नेमला गेला: 'स्पर्धाशस्त्र चाप-ओढ व विश्वासार्हता पडताळणी कक्ष, शिरूर'. प्रमुख बबनराव, म्हणजे तुम्हीच, साहेब. कारकून मालनबाई. तिसरी जागा शिपायाची. ती रिक्त होती आणि तिचं टेबल मात्र भरलेलं होतं.

शनिवारी धुरपदा चौफुल्यावरून न्हावरामार्गे शिरूरला गेली. खेप रिकामी कशाला घालायची म्हणून सोबत भाजीची पाटी नेली, सकाळी बाजारात विकली आणि उरलेली वांगी पिशवीत घालून कक्षात हजर झाली. आप्पा परवान्याची कागदं आणि कुलूपबंद पेटी घेऊन आधीच बाकावर बसले होते.

"वजन आणलंय का?" बबनरावांनी विचारलं.

"वजन तुमच्याकडं आसंल म्हनून तर आलो साहेब," आप्पा म्हणाले.

"आमच्याकडं तपासणी आहे. वजन खरेदीच्या प्रक्रियेत आहे."

"मग तपासायचं कशानं?"

"तो प्रश्न खरेदी विभागाचा आहे."

धुरपदानं पिशवीत हात घातला आणि लोखंडी किलो टेबलावर ठेवला. त्यावर चालू सालाचा सरकारी शिक्का होता. आप्पांनी घोडा चढवला, नळी छताकडं धरली, किलो अडकवून उचलला. चापानं तो घागर पेलावी तसा पेलला.

"झालं," आप्पा म्हणाले. "पास."

"किमान एक किलो आहे, हे झालं," बबनराव म्हणाले. "नक्की किती आहे? फॉर्मवर 'किमान' हा शब्दच नाही. चार चौकटी आहेत. एक, शून्य, शून्य, शून्य. आकडे छापूनच आलेत."

मग नक्की किती ते काढायला किलोबरोबर एक वांगं लटकवलं. घोडा ढिम्म. दुसरं लटकवलं, वर मूठभर घेवडा. तेव्हा कुठं घोडा पडला. मालनबाईंनी टपालाच्या काट्यावर माळवं मोजलं.

"दीडशे ग्रॅम जादा भरतंय साहेब."

"शासन जादा काही स्वीकारत नाही," बबनराव गंभीरपणे म्हणाले. वांगी मालनबाईंनी मुद्देमाल म्हणून पिशवीत टाकली. संध्याकाळी त्या मुद्देमालाचं भरीत झालं असावं; त्याची नोंद नाही.

"आणि हे वजन तरी विश्वासाचं आहे का? भाजीवाल्यांची वजनं आम्हाला माहीत आहेत."

धुरपदाला बाकी काही बोललेलं चाललं असतं. तिची मान ताठ झाली.

"साहेब, बाजारात कुनालाबी इचारा. धुरपदाचं माप झुकतं असतंय. किलोवर एक वांगं जास्तच जाईल, कवा कमी न्हाई गेलं. माझ्या आईनं तसंच दिलं, मी बी तसंच देते."

बाजारात या वाक्यावर गिऱ्हाईक कायमचं बांधलं जातं. कक्षात या वाक्यावर बबनरावांनी पेनाचं टोपण काढलं.

"लिहा मालनबाई. अर्जदाराचं माप झुकतं असल्याची अर्जदाराची स्वेच्छेनं कबुली. सबब वजन अचूक नाही. सबब ओढ अज्ञात. सबब नापास."

"आवो, पन ह्यो शिक्का हाय की वजनावर!"

"शिक्का वजनावर आहे बाई. कबुली तुमच्यावर आहे."

परतीच्या एसटीत धुरपदानं न्हावऱ्यापर्यंत तो किलो मांडीवर धरला होता. मग म्हणाली, "आप्पा, दीडशे ग्रॅम कमी करा. बरूबर हजार. न्हायतर ह्यो मानूस ऐकायचा न्हाई."

"पोरी, कमी करायला स्प्रिंग ढिली करावी लागंल. आन् ह्या टू-टूच्या काडतुसाची दारू काठात असती. घोड्यानं काठावर जोरात टोला हानला तरच पेटती. स्प्रिंग ढिली, टोला ढिला, आन् काडतूस म्हनतंय मी न्हाई जा. मेंढराच्या कात्रीसारखं हाय हे. ढिली ठेवली तर लोकर तुटत न्हाई, आवळली तर कातडं निघतं. मधल्या जागंला मी आनून ठिवलंय, दोन वर्षं घासून."

"ती मधली जागा त्यांच्या फारमात न्हाई, आप्पा."

आप्पांनी स्प्रिंग ढिली केली. दुसऱ्या शनिवारी चाप बरोबर हजार ग्रॅमला पडला. तेच वजन, तीच कबुली दिलेली बाई. पण आकडा चौकटीत बसला आणि कबुलीचं कुणाला काही उरलं नाही. ओढीचा दाखला मिळाला. आता विश्वासार्हता.

त्यासाठी कक्ष दौंडला आला. रेंजवर मांडव टाकला होता, कारण विश्वासार्हता उन्हात तपासता येत नाही. क्लबाकडं वर्षाच्या कोट्यातली पन्नास काडतुसं उरली होती. आप्पांनी दहा काढून दिली.

"बाकीची?" बबनरावांनी विचारलं.

"ती स्पर्धेला, साहेब. नवा कोटा जुलैत येतोय."

"न उडवलेलं काडतूस उडेल, हे तुम्ही कशावरून सांगता?"

आप्पांनी उरलेली चाळीसही पुढं सरकवली. असा प्रश्न पलटणीतही कुणी विचारला नव्हता.

पन्नासही काडतुसं तपासली गेली. धुरपदा उडवत होती आणि मालनबाई रेघा मारत होत्या. सत्तेचाळीस उडाली. तीन वेळा घोडा पडून नुसता टक् आवाज झाला. आप्पा कपाळाला हात लावून बसले.

"ढिल्या स्प्रिंगचा परताप ह्यो. म्या सांगितलं हुतं."

"घाबरू नका," बबनराव म्हणाले. ते आता रंगात आले होते. "शास्त्रीय पद्धतीनं बघू. उडणारी काडतुसं किती होती? सत्तेचाळीस. त्यातली उडाली किती? सत्तेचाळीस. विश्वासार्हता शंभर टक्के. लिहा मालनबाई."

"आन् ती तीन?" धुरपदानं विचारलं.

"ती न उडणारी आहेत. ती उडाली नाहीत, म्हणजे तीही नियमाप्रमाणेच वागली." मालनबाईंनी तिन्ही काडतुसं पाकिटात घातली आणि वर लिहिलं: 'न उडणारी, नग ३, प्रमाणित.'

"साहेब, मग मी स्पर्धेला उडवू काय?"

"ती तीन घ्या ना. न उडणारी असल्यामुळं त्यांना वेगळी परवानगी लागत नाही."

तेवढ्यात जेवण आलं. मटकीची उसळ आणि जिलेबी बघून कक्ष मांडवाच्या आत वळला. आप्पांनी पुसायचं म्हणून रिव्हॉल्व्हर उचललं, खिशातला पेचकस काढला आणि धुरपदाच्या डोळ्यांसमोर स्प्रिंगचा स्क्रू दीड वेढा आवळला. आपली मधली जागा त्यांनी परत आणली. तपासणाऱ्यांपैकी कुणीही बघितलं नाही. तपासणी झालेली होती.

जेवण झाल्यावर बबनराव हात पुसत आले आणि म्हणाले, "आता एकच. तपासणीनंतर यात कुणी फेरफार केला नाही, याची हमी." त्यांनी चापाच्या मागच्या फटीतून तार ओवली, घोड्याला वेढा दिला आणि तारेवर शिशाचं सील दाबलं.

धुरपदानं बोट घालून बघितलं. चाप जागचा हलेना.

"आवो साहेब, आता ओढायचा कसा?"

"ओढला तर ओढीत फरक पडणार नाही का? सील स्पर्धा संपल्यावर तुटेल. नियम सगळ्यांना सारखा आहे."

खरंच सारखा होता. दहा मेला दौंडच्या रेंजवर बारा स्पर्धक उभे राहिले, बारा सीलबंद रिव्हॉल्व्हरं घेऊन. समोर बारा कोरे कागद. मागं कनातीत दोनशे माणसं, शाळांची मुलं, पहिल्या रांगेत सोफे. शिट्टी वाजली. बारा हात वर झाले. पाच मिनिटं काहीच झालं नाही. कुणीतरी खोकललं. निवेदक म्हणाला, "बघा, काय ही एकाग्रता!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रमुख पाहुणे शेजाऱ्याच्या कानात म्हणाले, "इतकी शिस्तबद्ध नेमबाजी मी पाहिली नाही. आवाज नाही, धूर नाही, अपघात नाही."

दुसरी शिट्टी वाजायला मिनिट उरलं होतं. अकरा जण शिट्टीची वाट बघत होते. धुरपदा मनातल्या मनात एक जूनपर्यंतचे दिवस मोजत होती. तिनं हात खाली घेतला, रिव्हॉल्व्हर तोंडाशी नेलं आणि दातांनी तार तोडली. पाकिटातलं प्रमाणित न उडणारं एक काडतूस आत सरकवलं, घोड्याचा पहिला वण खाली येईल असं फिरवून. काठाची कोरी बाजू वर आली. हात पुन्हा सरळ झाला, खांद्यापासून मनगटापर्यंत.

बार झाला.

असा झाला की कनातीवरच्या चिमण्या रेल्वे लाइनीपर्यंत गेल्या. कागदाच्या ऐन मध्यात, दहाच्या गोलात, भोक पडलं. आप्पांनी टोपी काढून हवेत उडवली. दुसरं काडतूस आत जायच्या आधी बबनराव फॉर्म हलवत मैदानात धावले.

चौकशी जागेवरच झाली.

"हे काडतूस न उडणारं आहे. माझी सही आहे त्यावर. ते उडालंच कसं?"

"उडालं की वो साहेब. भोक बघा."

"न उडणारं काडतूस उडालं, तर दाखला खोटा ठरेल. दाखला खोटा असू शकत नाही. म्हणजे ते उडालेलं नाही." बबनराव हे रागानं बोलले नाहीत. गणित सोडवल्यासारखे शांतपणे बोलले. "कागदाला आधीपासून छिद्र असावं. पुरवठादाराला कळवू."

मालनबाईंनी त्याच नंबरचं नवं सील लावलं. मग एक यादी कनातीत फिरली, सोबत चहाचे कप फिरले. यादीवर लिहिलं होतं: 'खाली सह्या करणार आम्ही पंच लिहून देतो की, स्पर्धेदरम्यान आम्ही कोणत्याही प्रकारचा आवाज ऐकला नाही.' कप घ्यायचा, सही करायची, यादी पुढं द्यायची. आप्पांनी कप घेतला नाही.

निकाल लागला. बाराही जणांना शून्य गुण, सबब बाराही संयुक्त प्रथम. भरतीच्या अर्जात गुणांचा रकाना असतो आणि शून्य गुणांचा पहिला नंबर तिथं चालत नाही. अकरा जण ढाल घेऊन घरी गेले. धुरपदा ढाल न घेता कनातीकडं वळली.

"मला नोकरी देऊ नका," ती म्हणाली. "नंबर बी नगं. बार झाला का न्हाई, येवढं एकानं सांगा. कुनीबी एकानं."

दोनशे माणसं कपांच्या बुडाकडं बघत राहिली. तिसऱ्या रांगेत तिचं दहा वर्षांचं गिऱ्हाईक बसलं होतं, किलोवरचं वांगं दर आठवड्याला घरी नेणारी बाई. ती हळूच म्हणाली, "झाला गं बाई, चांगला कानठळ्या बसवनारा झाला. पन आता सही केलीय ना."

एक जून आला आणि गेला. कक्षाला त्या वर्षी अपघातमुक्त स्पर्धेबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं.

साहेब उत्तर देणार नाहीत. त्यांच्याकडं दाखला आहे. म्हणून प्रश्न त्यांना विचारतच नाही. त्या यादीवर दोनशे अकरा सह्या आहेत आणि त्यातली एकही साहेबांची नाही. सगळ्या तुमच्यासारख्या वाचत्या-लिहित्या माणसांच्या आहेत. तुम्ही हे इथवर वाचलंत, दोन-तीनदा हसलात, 'अशीच असतात ही सरकारी माणसं' असंही म्हणालात. आता यादी तुमच्या मांडीवर आहे आणि चहा निवतोय.

बार ऐकलात की नाही? सही करण्याआधी सांगा.