एका पायाचं कबूतर

आमच्या वरच्या मजल्यावरचे तांबेकाका दार उघडण्याआधी दोन प्रश्न विचारतात, "कोण? आणि कशाला?" दोन्हींची उत्तरं दिली तरी दार उघडत नाही. आधी आत काहीतरी ओढल्याचा आणि झाकल्याचा आवाज येतो. मग कडी निघते आणि चार बोटांच्या फटीतून एक डोळा तुमच्या हातांकडे बघतो. हातात मोबाइल असेल तर तो खिशात घालावा लागतो.

"लोक फोटो खींचून नेतात," काका म्हणतात. "मग छापतात. मला सगळं पता आहे."

बँकेच्या बदलीने मी सांगलीहून उज्जैनला आलो आणि नानाखेड्यात हे घर भाड्याने घेतलं, त्याला सहा वर्षं झाली. पहिले सहा महिने माझी पक्की समजूत होती की वर नकली नोटा छापतात. जिन्यात शाईचा वास, दिवसभर ठोकाठोक, दोरीवर वाळत घातलेले कागद, आणि त्यात हा स्वभाव. दुसरं काय समजायचं? पुढे कळलं, की काका चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. लाकडावर चित्र कोरतात, त्यावर शाई फिरवतात, कागद ठेवतात आणि वरून चमच्याने घासतात. चमचा स्वयंपाकघरातलाच, आमटीचा.

त्यांना चित्र कशात दिसेल याचा नेम नाही. एकदा जिन्यात माझ्या चपला उलट्या करून तळ बघत बसलेले सापडले. वर मलाच ओरडले, "जोशी, एकच टाच का घासता हो तुम्ही?" त्या झिजलेल्या टाचेचं चित्र झालं आणि त्याला नाव मिळालं 'बँकवाला'. पापड भाजला की त्याला आलेले फोड ते आधी उजेडात धरून बघतात, मग खातात. अर्धं चिरलेलं कारलं त्यांच्याकडे भाजी म्हणून कधी शिजत नाही.

"काका, घाट काढा, देवळं काढा. यात्रेकरू आवडीने घेतील," असं मी एकदा भोळेपणाने सुचवलं.

त्यांनी आधी दाराची कडी तपासली. "तुम्हाला कोणी पाठवलंय?"

प्रत्येक चित्राच्या ते मोजून बारा प्रती काढतात. बारावी निघाली की पटाशी घेऊन लाकडावर आडवा चर मारतात. आता कोणाच्या बापाला तेरावी छापता येणार नाही. पण एका चित्राच्या अकराच प्रती आहेत. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पूर्वी एक कबूतर यायचं. एकच पाय, शेपटी डावीकडे वाकडी. त्याची बारावी प्रत चोरीला गेली, असं काकांचं म्हणणं. संशयितांत विजेचं मीटर बघणारा होता आणि सख्खा मेहुणा होता. मेहुण्याशी तर बोलणंच बंद, कारण त्या दिवशी जाताना त्याने पिशवी छातीशी धरली होती.

घरात काका एकटेच. ते निवृत्त झाले त्याच वर्षी काकू गेल्या, म्हणजे मी इथे यायच्या दोन वर्षं आधी. काका त्यांच्याबद्दल कधी बोलत नाहीत. मीही विचारलं नाही.

गेल्या थंडीत माझ्या बायकोने भैरवगढहून एक छापाची चादर आणली, धुतली आणि गॅलरीत वाळत घातली. दहा मिनिटांत दार वाजलं. काका अनवाणीच खाली आले होते.

"ही चादर कुठून आली?"

मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. चादरभर कबुतरं होती. प्रत्येकाला एकच पाय, प्रत्येकाची शेपटी डावीकडे वाकडी.

"सहा वर्षं तुम्ही माझ्या खाली राहता, जोशी," काका अगदी हळू आवाजात म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"चला," मी चपला घातल्या. "आत्ताच्या आत्ता भैरवगढला चला."

ऑटोत ते चादर आणि मूळ चित्र मांडीवर घट्ट धरून बसले होते. ऑटोवाल्याला त्यांनी आरसा फिरवायला लावला.

चादर जिथून घेतली तो छपाईचा कारखाना रफीकभाईंचा. सत्तरीचे गृहस्थ, मनगटापर्यंत हात निळे. काकांनी चादर आणि चित्र त्यांच्यासमोर शेजारी शेजारी ठेवलं. "ये कबूतर किसका है?"

रफीकभाईंनी चष्मा लावला. चित्र बघितलं, मग काकांना बघितलं. "आप ड्राइंगवाले सर हैं? ये तो आपकी घरवाली लाई थीं."

काकांनी चित्र उचलून छातीशी धरलं.

"बोलीं, सर रिटायर होने वाले हैं, उनके कबूतर की चादर बनवानी है. हमने ठप्पा बनवाया, चादर छापी. फिर वो लेने आईं ही नहीं. फोन किया तो किसी ने उठाया नहीं." ती चादर त्यांनी दोन वर्षं ठेवली, मग तिला वाळवी लागली. ठसा तेवढा फळीवर पडून राहिला. गेल्या वर्षी त्यांच्या सुनेला तो आवडला आणि तिने छापायला घेतला. "एक बात और बोली थीं," रफीकभाई हसले. "उनको भनक मत लगने देना, वो सारी दुनिया पे शक करते हैं, बस मुझपे नहीं करते."

आता काका भांडणार, निदान ठसा तरी मागणार, असं मला वाटलं. ते तिथल्या एका बुटक्या स्टुलावर बसले.

"साड़ी कौनसी पहनी थी?" त्यांनी विचारलं.

रफीकभाई गडबडले. "हरी... हाँ, हरी थी."

"हिरवी," काका माझ्याकडे वळून म्हणाले. मग पुन्हा तिकडे. "बस से आई थी कि ऑटो से? अकेली थी? कितनी देर बैठी?"

रफीकभाई आधी अडखळत, मग सरावल्यासारखे सांगू लागले. इथे, या खिडकीपाशी बसल्या होत्या. शेपटी सरळ करू का म्हटलं तर रागावल्या, टेढ़ीच ठेवा म्हणाल्या. मग खूप हसल्या. काका गुडघ्यांवर हात ठेवून, जरा पुढे वाकून ऐकत होते.

वीस वर्षं मी बँकेच्या काउंटरवर बसतोय. आठ वर्षांपूर्वी एकदा आलेल्या गिऱ्हाइकाची साडी कोणाला आठवत नसते. मी रफीकभाईंकडे बघितलं. त्यांनीही एकदाच माझ्याकडे बघितलं, नजर काढून घेतली आणि सुनेला तीन चहा सांगितले.

मग आपलं स्टूल त्यांनी काकांच्या जवळ ओढलं. "और सुनिए, सर."