अंगठा वर

कुटुंबसंस्था परस्परसंमतीवर उभी असते आणि हल्ली संमती अंगठ्याने दिली जाते. पूर्वी अंगठा उठवणाऱ्याला अडाणी म्हणत. आता अंगठ्याशिवाय शहाण्यांचे पान हलत नाही. (प्रगती म्हणतात ती हीच.)

चष्म्याच्या दुकानातल्या बाई दिवसभर इतरांना नीट दिसण्याची सोय करत. त्यांना स्वतःला एकच गोष्ट बघायची होती: समुद्राचा तळ. उबदार पाण्याच्या किनाऱ्यावर पाठीला हवेची टाकी बांधून माणसाला खाली नेतात, असे एका गिऱ्हाइकाने सांगितले आणि तेव्हापासून बाईंच्या डोक्यात मासे पोहू लागले. त्यांनी घरच्या ग्रुपवर विचारले, "या सुट्टीत जायचं का?" मुख्य लिपिक असलेल्या यजमानांनी तत्परतेने अंगठा पाठवला आणि सुट्टी गच्चीची गळती बुजवण्यात गेली. पुढच्या सुट्टीतही तेच. मराठीत अंगठा दाखवणे कशाला म्हणतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटू नये.

यंदा बाईंनी न विचारताच किनाऱ्यावर राहायला खोली ठरवली. मग यजमानांनी नियोजन समिती नेमली (सदस्य: ते स्वतः) आणि दिवाणखान्यात कोरडी तालीम ठेवली. नाकाला कपड्यांचा चिमटा आणि तोंडात बागेची नळी घेऊन ते सतरंजीवर पालथे पडले.

"अरे, पंखा तरी बंद कर," सासूबाई काळजीने म्हणाल्या, "लाटा उठतील."

किनाऱ्यावरच्या प्रशिक्षकाने खुणा समजावल्या. "सगळं ठीक असेल तर अंगठा नि तर्जनी जोडून गोल करायचा. नुसता अंगठा म्हणजे 'मला वर न्या'. आणि एक जण वर आला की जोडीदारानंही यायचं." यजमानांनी लक्षपूर्वक ऐकले आणि समजल्याची खूण म्हणून अंगठा दाखवला.

पाण्याखाली प्रशिक्षकाने खुशाली विचारली. अंगठा! सगळे वर आले.

"काय झालं?"

"काही नाही. फार मजा येतेय!"

दुसऱ्या बुडीत बाईंना एक पिवळी शेपटी दिसली. यजमानांनाही ती आवडली, म्हणून त्यांनी अंगठा दाखवला. पुढचा मासा बाईंना बघायला मिळाला नाही. नावेत बसून त्यांना रडू कोसळले.

मग त्यांनी पिशवीतून चष्म्याच्या दोन दोऱ्या काढल्या आणि यजमानांच्या दोन्ही हातांचे अंगठे तर्जन्यांना घट्ट बांधून टाकले. कायमचे गोल.

यावेळी बाई तळापर्यंत गेल्या. वाळूवर हात टेकून त्या मनसोक्त बघत राहिल्या. इकडे यजमानांच्या चष्म्यात पाणी शिरले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना खरोखर वर जायचे होते. जीव कासावीस, पण दोन्ही हात सांगत होते, सगळं ठीक आहे. (कार्यालयात हे काम ते विनासायास करत.) प्रशिक्षकानेही कौतुकाने उलट गोल केला.

"अगं, मला वर यायचं होतं!" नावेत आल्यावर ते धापा टाकत ओरडले.

"अहो," बाई केस पिळत म्हणाल्या, "मला इतकी वर्षं खाली जायचं होतं."

हे वाचता वाचता, वाचकहो, आपणही मध्येच फोन उचलून घरात कुणाला तरी अंगठा पाठवला आहे. तिने काय विचारलं होतं, तेवढं आता वाचून घ्या.