घाटरस्त्याचा संक्षिप्त आणि सुरक्षित इतिहास

रस्ता माणसाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्यासाठी असतो, असा एक गैरसमज सुशिक्षित वर्गात आढळतो. डोंगरावरच्या गावात लग्न होऊन आलेली एक पदवीधर सूनही तोच मनाशी धरून, दोन वर्षांच्या लेकीला मांडीवर घेऊन, खालच्या दवाखान्याकडे जाणाऱ्या बसमध्ये बसायची. लेक वळणागणिक ओकायची. दवाखाना येईपर्यंत मूळ ताप मागे पडायचा आणि डॉक्टर ओकारीचंच औषध द्यायचे.

"एवढी वळणं कशाला हो?" तिने कंडक्टरला विचारलं.

"घरी सासूबाईंना विचारा," ओकारीसाठी पिशवी पुढे करत तो म्हणाला.

चौकशीअंती कळलेला इतिहास असा. डोंगराने मुळात तीनच वळणं मागितली होती. बाकीची वीस मायेपोटी झाली. सरळ रस्त्यावर गाड्या सुसाट सुटतात आणि लेकरं दारात खेळतात; म्हणून ज्या घरी पाळणा हलला, त्या घरासमोर बांधकाम खात्याने एक वळण मंजूर केलं. (जुळ्यांना मिळून एकच. खातं उधळं नाही.) लेकरं मोठी होऊन परगावी गेली, वळणं तेवढी राहिली.

"हे तुझ्या नवऱ्याचं," सासूबाई दारापुढच्या वळणाकडे कौतुकाने बघत म्हणाल्या.

सुनेने कंबर कसली. आजारी लेकरांना वेळेत औषध मिळावं म्हणून रस्ता सरळ करा, असा तिने खात्याच्या मागे लकडा लावला. घाटातल्या झाडून साऱ्या आयांनी तिला पाठिंबा दिला. अखेर इंजिनिअर आला. त्याने ओढलेली चुन्याची रेघ तिच्या उंबऱ्यासमोरून सरळसोट गेली. तेवढ्यात लेक रेघेवर जाऊन बसली आणि दोन्ही हातांनी चुना उडवू लागली.

 आईने धावत जाऊन लेकीला उचललं.

"साहेब, सगळा सरळ करा. फक्त एवढं एक वळण राहू द्या."

"वहिनी, खालपासून दारोदार हेच ऐकत आलोय."

"त्यांची पोरं मिशा फुटून केव्हाच परगावी गेली! माझी अजून लहान आहे."

इंजिनिअर मुलांबाळांचा माणूस होता. खालच्या सगळ्यांसारखंच त्याला हिचंही पटलं. नवऱ्याचं वळण जुनं झालं होतं, म्हणून लेकीच्या नावे शेजारीच एक नवं मंजूर झालं. दवाखाना आणखी थोडा लांब गेला. बसमध्ये आई लेकीचं तोंड पुसते आणि खालच्या बायकांच्या आपमतलबीपणावर पोटतिडकीने बोलते.

वाचकांना हसू येणं साहजिक आहे. मात्र हसण्याआधी, तुमच्या फाटकासमोरचा गतिरोधक कोणाच्या आग्रहावरून झाला, एवढं घरात हळूच विचारून घ्यावं.