चाळीस वॅटची आई

"एकोणीस," भिंतीवरच्या तापमापकाला नाक लावून तपासनीस म्हणाला. "वीस पाहिजेत. पाचपर्यंत वीस झाले तर किल्ली तुमची, नाही तर घर यादीतल्या पुढच्या कुटुंबाला."

इस्त्रीवाल्याने स्वतः वाकून पारा पाहिला. नऊ वर्षं अर्ज करकरून मिळालेलं दोन खोल्यांचं स्वस्त घर! बाहेर हाडं गोठवणारी थंडी, पण आत ना शेगडी, ना हीटर. भिंती हातभर जाड, खिडक्यांना तीन-तीन काचा. मुंगीचा उसासासुद्धा बाहेर जायचा नाही. माणसांच्या अंगच्या उबेवरच घर गरम राहायचं, म्हणजे विजेचं बिल जवळजवळ नाहीच.

"साहेब, इस्त्री तापवू का जरा?"

"खबरदार! माणसंच हवीत." तपासनिसाने तक्ता उघडला. "घराला लागतात तीनशे वॅट. तुम्ही शंभर, बाई नव्वद, मुलगी साठ. आणि आजी... सत्तरीच्या पुढे चाळीस. दहा कमी पडतात."

"चाळीस?" कोपऱ्यातून म्हातारी कडाडली. "पोरीला साठ आणि मला चाळीस? अरे, संडासातला दिवा चाळीसचा असतो!"

"आई, तू गप्प बस गं. साहेब, तुम्ही पण आहात की घरात. तुम्हाला धरा ना."

"सरकारी माणसाची ऊब धरत नाहीत. पाहुण्यांबद्दल मात्र नियमात काही नाही."

हे ऐकताच इस्त्रीवाल्याची बायको पळत जाऊन शेजारच्या पैलवानाला घेऊन आली. दोनशे वॅटचा ऐवज! पण त्याला आत घ्यायला दार सताड उघडावं लागलं, आणि पारा सतरावर आला. त्यात पैलवान स्वतःच गारठलेला. ऊब द्यायची सोडून घराचीच ऊब पिऊन तो घोरायला लागला.

"झोपलेला माणूस सत्तर," तपासनिसाने तक्त्यात पाहून सांगितलं.

मग पैलवानाचा मेहुणा आला, पोस्टमन आला, बँडवाला ढोलासकट आला. प्रत्येक जण दारातून येताना एक अंश घालवायचा आणि बसल्यावर एक अंश कमवायचा. साडेचारला घरात चौदा माणसं होती आणि पारा सतरावर खिळा ठोकल्यासारखा. खोटं वाटेल, पण जमिनीवर जागा नाही म्हणून तपासनीस ढोलावर मांडी घालून बसला होता.

"आजीबाई, जरा सरका," पोस्टमन म्हणाला. "चाळीस वॅटला एवढी जागा कशाला?"

झालं! म्हातारी पदर खोचून उठली.

"ऊठ रे ठोंब्या! चालते व्हा सगळे! घर आहे का धर्मशाळा?"

पैलवानासकट सगळी वरात तिने बाहेर हाकलली आणि दार धाडकन लावलं. पारा पंधरा. इस्त्रीवाल्याने कपाळावर हात मारला.

पण म्हातारीची आता कुठे सुरुवात होती. आधी तिने पोस्टमनचा उद्धार केला, मग तक्त्याचा, मग तक्ता करणाऱ्याचा, मग त्याला शिकवणाऱ्या मास्तरांचा. हातवारे, येरझारा, पाय आपटणं. सतरा. मग लग्नात झालेला अपमान निघाला. एकोणीस. मग लेकाचं लहानपण, सुनेच्या हातचा स्वयंपाक, तिची धुण्याची पद्धत. बावीस! पाचच्या ठोक्याला तपासनीस कोट, स्वेटर, मफलर काढून घाम पुसत होता.

"पुरे आजी, पुरे!" त्याने किल्ली दिली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'मुख्य तापयंत्र: आजी. जागेवरून हलवू नये.'

घर मिळालं. घर तापवायचं कसं, हेही कळलं. कडाक्याच्या दिवशी सून सकाळी अदबीने विचारायची, "आई, तुमच्या माहेरची माणसं जरा चिक्कूच होती, नाही का?" बस्स. दुपारपर्यंत सगळे अर्ध्या बाह्यांत.

मग वर्षातली सगळ्यात गार सकाळ उजाडली. बाहेरच्या नळातलं पाणीही गोठलेलं. सुनेने घसा खाकरला. "आई, तुमच्या माहेरची माणसं..."

"चिक्कूच होती," म्हातारी गोड हसून म्हणाली. "तू म्हणतेस ते अगदी खरं हो, बाळ."

इस्त्रीवाला उठला आणि पांघरुणं शोधायला लागला.