उरमोडीचे गुरुवार

सह्यगिरी पंप्स या कंपनीचा सर्व्हर सोमवारी सकाळी डॉक्टर खर्शीकरांच्या दवाखान्यात स्त्रियांच्या वॉर्डात दाखल झाला, कारण त्याचं नाव उरमोडी होतं.

कंपनी साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे. तिथल्या यंत्रांना जिल्ह्यातल्या नद्यांची नावं देण्याची पद्धत आहे. सगळ्या कंपनीची पत्रं, मीटिंगची निमंत्रणं, सामाईक फाइली आणि कोण कधी रजेवर आहे याची माहिती उरमोडीकडे असे. कार्यालयात तिला सगळे 'तो सर्व्हर' म्हणत. दवाखान्यात खाट मिळाल्यावर मात्र 'ती' म्हणणं भाग पडलं, आणि नंतर तेच रूढ झालं.

तिला घेऊन आल्या होत्या नलिनी भोईटे. कंपनीच्या सिस्टिम्सचं काम त्या एकट्या बघत. उरमोडीला त्यांनी खोक्यातून काढलं होतं, पहिल्यांदा चालू केलं होतं, आणि तेव्हापासून त्यांची एकही दिवाळीची सुट्टी सलग गेली नव्हती.

"नातेवाईक कोण?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"मीच," नलिनीताई म्हणाल्या.

डॉक्टर हेमलता खर्शीकरांनी स्टेथोस्कोप पंख्याच्या जाळीवर ठेवला आणि बराच वेळ ऐकलं.

"ताप आहे. धापही लागलीय. कधीपासून?"

"दोनेक वर्षं थोडं थोडं होतं. आता बोलता बोलता मधेच थांबते."

"मग तुम्ही काय करता?"

"बंद करून परत चालू करते."

"झोपेतून दचकवून उठवल्यावर माणूस बरा होतो का हो?" डॉक्टर रागावल्या नव्हत्या, फक्त विचारत होत्या. "हिची विचारपूस कोण करतं?"

"बंद पडली की सगळेच करतात."

"त्याला तक्रार म्हणतात, बाई. लाल दिवा लागल्यावर कुणीही धावतं. हिरवा असतानाही रोज येऊन बघायचं असतं."

त्यांनी पथ्यं सांगितली. खोली गार ठेवायची. सकाळी सगळ्यांनी एकदम लॉगिन करायचं नाही, विभागवार करायचं. औषध देण्याआधी बॅकअप घ्यायचा, आणि तो घेतला म्हणून गप्प बसायचं नाही, उघडून बघायचा. मुख्य म्हणजे हिच्याजवळ जुनंपानं फार साठलंय, ते ज्याचं त्याने येऊन घेऊन जायचं. भेटायची वेळ संध्याकाळची.

शेजारच्या खाटेवर कोरेगावच्या हिराक्का होत्या. शेतात पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यांनी मान वळवून उरमोडीकडे पाहिलं.

"काय गं बाय, कुणाची एवढी वझी उचलतीस?"

"चारशे माणसांची," उरमोडी म्हणाली. तशी ती कमी बोलत असे.

"आणि दमलीस म्हून सांगतीस का कुणाला?"

"सांगते. ते सूचनांच्या फोल्डरमध्ये जातं."

"ते कोण बघतं?"

नलिनीताई खिडकीचा पडदा सारखा करू लागल्या.

दुपारी कंपनीचे संचालक माधवराव चिटणीस यांचा फोन आला. शनिवारी नवीन सर्व्हर येणार होता. "उरमोडीचं आता वय झालंय. उगाच ताणण्यात अर्थ नाही. शनिवारी बंद करून टाका," ते म्हणाले.

"ती बरी झाली तर, साहेब?"

"शनिवारपर्यंत झाली तर बघू," म्हणून त्यांनी घाईने फोन ठेवला. चिटणीस एरवी घाईने फोन ठेवणाऱ्यातले नव्हते.

संध्याकाळपासून माणसं येऊ लागली. जो तो पेन ड्राइव्ह आणि शहाळं घेऊन येई. शहाळी हिराक्कांकडे जात. लोक आपापली जुनी चित्रं, कुणाच्या तरी बारशाचे व्हिडिओ, एकाच दरपत्रकाच्या अनेक आवृत्त्या घेऊन जात. खरेदी विभागाचे शेडगे आणि उत्पादनच्या पाटणकरबाई एकाच भिंतीच्या दोन बाजूंना बसत आणि वर्षानुवर्षं फक्त मेलवर भांडत. त्यांना खाटेच्या दोन बाजूंना स्टुलं मिळाली. फाइली उतरायला वेळ लागत होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून शेडग्यांनी पाटणकरबाईंच्या मुलाच्या दहावीची चौकशी केली. तो इंजिनिअर होऊन नोकरीला लागला होता.

बुधवारपर्यंत उरमोडीचा ताप उतरला. पंख्याचा आवाज इतका मऊ झाला की हिराक्कांना त्यावर झोप लागू लागली. नलिनीताईंनी वरणभाताचा डबा पहिल्यांदाच पुरता संपवला.

गुरुवारी दुपारी ताप पुन्हा चढला. चारच्या सुमाराला उरमोडी थरथरत होती आणि तिच्या अंगावर हात ठेववत नव्हता.

"हिला गुरुवारी काय असतं?" डॉक्टरांनी विचारलं.

नलिनीताई खाटेवर टेकल्या. "उरमोडी, काय करतेयस तू आत्ता?"

"पोळसाहेबांना बोलावतेय. चार वाजता चहा आहे ना, चिटणीससाहेबांबरोबर. दर गुरुवारी असतो. निमंत्रण पाठवते, ते परत येतं. पोळसाहेबांची मेलची पेटी भरलीय. मी थोडं थांबून पुन्हा पाठवते."

यशवंत पोळ डिझाइन विभागाचे प्रमुख होते. चिटणिसांनी आणि त्यांनी मिळून पहिला पंप एका पत्र्याच्या शेडमध्ये बनवला होता.

"अगं, पोळसाहेब गेले. दोन वर्षं झाली."

पंखे क्षणभर थांबले आणि पुन्हा सुरू झाले.

"मला कुणी सांगितलं नाही."

"परिपत्रक निघालं होतं ना. तूच तर सगळ्यांना पोचवलंस."

"पोचवलं. पण ताई, मी लोकांची पत्रं वाचत नाही."

हिराक्कांनी पदर डोळ्यांना लावला. डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही हे काढून टाकू शकता का?"

"शकते. माझ्याकडे अधिकार आहेत," नलिनीताई म्हणाल्या. "पण मीटिंग ज्यांनी बोलावली त्यांनीच ती रद्द करावी. तीच योग्य पद्धत आहे." आणि त्यांनी चिटणिसांना फोन लावला.

चिटणीस शुक्रवारी संध्याकाळी भेटीच्या वेळेत आले. शहाळं आणायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते अवघडून रिकाम्या हातांनी उभे राहिले. स्त्रियांच्या वॉर्डात कुठे पाहावं हे न कळून ते उरमोडीकडेच पाहत राहिले.

"साहेब, तुम्ही मीटिंग रद्द का नाही केलीत?" नलिनीताईंनी विचारलं.

"पडद्यावर येतं ना ते," चिटणीस म्हणाले. "चारला थोडं कमी असताना. 'यशवंत पोळ, चहा.' मी तेव्हा खोलीत कुणाला येऊ देत नाही." ते स्टुलावर बसले. "मला ते पुसवेना. म्हटलं, नवीन सर्व्हर आला की जुनं आपोआप जाईल. माझ्या हाताने काही करावं लागणार नाही."

"आन् ही पोर मरंल त्याचं काय?" हिराक्का म्हणाल्या.

नलिनीताई दचकल्या. चिटणीस मात्र रागावले नाहीत.

"सांगा की तिला नीट," हिराक्का म्हणाल्या. "घरात कुणी गेलं तर घरातल्या समद्यांस्नी सांगत्यात. ही तेवढी ऱ्हायली व्हती."

चिटणिसांनी चष्मा काढून हातात धरला. "उरमोडी, यशवंत वारला. फेब्रुवारीत. सकाळी फिरायला गेला होता आणि बाकावर बसला तो उठलाच नाही. तू त्याला बोलावू नकोस आता. तो यायचा नाही."

परिचारिका औषधांची ढकलगाडी दारातच धरून उभी राहिली.

"मग हे साठलेले गुरुवार कुणाला देऊ?" उरमोडीने विचारलं.

"मला दे," चिटणीस म्हणाले.

नलिनीताईंनी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला आणि मीटिंग रद्द करण्याचं बटण दाखवलं. चिटणिसांनी ते दाबलं. गुरुवार एकामागून एक उतरत गेले. शेवटचा उतरेपर्यंत चिटणीस हलले नाहीत. मग डॉक्टरांनी उरमोडीच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"उतरला ताप," त्या म्हणाल्या.

शनिवारी उरमोडीला घरी सोडलं. नवीन सर्व्हर त्याच दिवशी आला. चिटणिसांनी त्याचं नाव तारळी ठेवलं आणि तिला उरमोडीच्या हाताखाली दिलं, म्हणजे अर्धा भार ती घेईल आणि कामही शिकेल. निघण्यापूर्वी उरमोडीने एकच मागणी केली. हिराक्कांना कंपनीचं मेल खातं मिळावं.

नियमाप्रमाणे खातं फक्त कर्मचाऱ्यांना मिळतं. नलिनीताईंनी अडचण चिटणिसांना सांगितली. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "हुद्द्याच्या जागी 'शेजारीण' लिहा. मी मंजुरी देतो."

हिराक्कांच्या फोनवर खातं सुरू करून दिलं गेलं. कुठे बोललं की अक्षरं उमटतात, तेही परिचारिकेने शिकवलं.

उरमोडी तिच्या गार खोलीत पोचली. नलिनीताईंनी वायरी जोडल्या, दिवे हिरवे झाले, आणि चारशे माणसांचं काम तुंबलेलं असताना सगळ्यांत आधी एकच मेल आला. पाठवणाऱ्याच्या नावापुढे 'शेजारीण' असं लिहिलं होतं. तो उरमोडीच्याच नावावर होता, त्यामुळे तिने तो वाचला.

"पोचलीस का गं?"

"पोचले, आक्का," उरमोडीने कळवलं आणि ती कामाला लागली.