सुकटीचा नवस

"सुकी मासळी पूर्ण बंद," वाशीच्या डॉक्टर राजलक्ष्मी समोर बसलेल्या वामनला म्हणाल्या.

आठवड्यातून तीनदा त्याचं अर्धं डोकं असं उठायचं की उजेड नको, आवाज नको. बाम चोळून झाला, चष्मा करून झाला, दृष्टही काढून झाली.

"हिस्टामीन नावाचा पदार्थ असतो, सुक्या आणि शिळ्या मासळीत भरपूर," डॉक्टर म्हणाल्या. "तो मोडून काढणारं एन्झाइम आतड्यात असतं. काही जणांच्यात ते कमी पडतं, हिस्टामीन साठतं आणि मायग्रेन उठू शकतो. तुमचं तेच आहे असं मी छातीठोकपणे सांगत नाही. चार आठवडे पाळा, मग बघू."

कागदावर यादी होती: सुकी मासळी, टोमॅटो, वांगं, पालक, लोणचं, चीज, बिअर. चीज त्याने आयुष्यात दोनदा खाल्लं होतं, ते सोडायला त्याची काही हरकत नव्हती. पण सुकट! त्याची बायको विमलबाई दिवाळे गावच्या बाजारात सुकी मासळीच विकायची. तिची सुकट न्यायला लोक पार पनवेलहून यायचे. तीच सुकट ती छत्तीस वर्षं नवऱ्याच्या ताटात मोठ्या प्रेमानं वाढत होती. तुझ्या सुकटीनं माझं डोकं उठतं, हे तिला कुठल्या तोंडानं सांगायचं? बाई मनातून पार खचली असती. वामन बायकोला घाबरायचा हे खरं, पण त्याचा तिच्यावर जीवही होता, आणि असा माणूस हमखास गोत्यात येतो.

दुपारी ताट आलं. "नको," वामन म्हणाला.

विमलबाईच्या हातातला डाव तिथंच थांबला. "नको म्हंजे?"

"नवस बोललोय देवीला. आपल्या तेजसचं लगीन जमेपरत सुकटीला हात लावनार नाय."

खोटं बोलायची सवय नसली की माणूस एकदम मोठंच बोलून बसतो. तेजस चौतीस वर्षांचा, सतरा मुली बघून बसलेला. म्हणजे वर्षभराची तरी निश्चिंती, असा वामनचा हिशेब. विमलबाईनं पदर डोळ्यांना लावला. "पोरासाठी येवरं केलंत तुमी!"

नवव्या दिवशी तेजसचं जमलं. उरणची मुलगी, जागृती. तिनं पोहे आणायच्या आधीच होकार दिला. वामनचं डोकंही नऊ दिवसांत एकदाही दुखलं नव्हतं. त्याला धड आनंदही होईना, कारण विमलबाई सुकटीचा डबा उघडून उभी होती.

"थांब!" तो ओरडला. "आता... आता मिथुनसाठी धरलाय."

मिथुन शेजारचा. बिचारा सहा वर्षं घरांच्या लॉटरीत अर्ज भरत होता. पुढच्याच आठवड्यात त्याला घर लागलं. मग काय विचारता! सकाळी दात घासत वामन बाहेर आला की ओट्यावर बायकांची रांग.

"भावजी, माज्या स्नेहलचा पासपोर्ट अडकलाय. तिच्यासाठी कायतरी सोडा ना."

"टोमॅटो सोडला," वामन म्हणाला. पासपोर्ट आला.

कुणाच्या सुनेची बदली होण्यासाठी वांगं गेलं, कुणाच्या म्हशीसाठी पालक. एकीच्या जावयाची दारू सुटावी म्हणून वामननं स्वतःची बिअर सोडली, तेव्हा मात्र त्याचा आवाज जड झाला. लोकांना वाटलं, काय हा त्याग! डॉक्टरांची यादी अशी देवाच्या नावानं पुरी झाली आणि एकाही नवसाला देवीनं नकार दिला नाही. म्हैससुद्धा व्याली.

चौथा आठवडा संपला आणि उरणचे व्याही अभयशेठ साखरपुड्याची तारीख धरायला आले. ओटा माणसांनी भरला. नवस पुरा झाला की तो फेडायचा असतो, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. सोडलेली वस्तू चारचौघांत खायची, नाहीतर झालेलं काम उलटतं. विमलबाईनं पातेलं आणून ठेवलं. झाकण काढलं. वांगं घातलेली सुकट, त्यात टोमॅटो, त्यात पालक, वरून लोणच्याचा खार. अख्खा कागद एका पातेल्यात शिजला होता. बाजूला बिअरची बाटली, आणि जागृतीनं सासऱ्यासाठी हौसेनं पाठवलेलं चीज.

"घ्या, व्याही," अभयशेठनं घास त्याच्या तोंडाशी नेला. "पोरांचं भलं होऊ दे."

वामननं घास पाहिला, विमलबाईचा उजळलेला चेहरा पाहिला आणि त्याचा धीर सुटला.

"नवस नव्हता," तो म्हणाला. "डॉक्टरनं बंद केलेलं. आतड्यात एन्झाइम कमी हाय माज्या. सुकटीनं डोकं उठतं."

"मग माजं घर कसं लागलं?" मिथुननं विचारलं.

विमलबाई हळूच खाली बसली. "म्हंजे तुमचं डोकं दुखायचं ते माज्या सुकटीनं?"

"हो, पन तुजी सुकट एक नंबर हाय गो, दोष माज्या आतड्याचा..."

"सुकटीनंच? नक्की?"

"चार हप्ते सुकट नाय, चार हप्ते डोकं नाय."

विमलबाईला रडू फुटलं. ओट्यावरच्या बायका तिला धरायला धावल्या. पण ती रडता रडता हसत होती.

"अवो, लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तुमच्या आईनं मला बाजूला घेतलं न् सांगितलं, तुज्या बोलन्यानं पोराचं डोकं उठतं, जेवल्यावर गप बसत जा. छत्तीस वर्सं गप बसले मी! मनात येईल ते गिळलं. न् दोष सुकटीचा?"

अभयशेठनं घास मुकाट्यानं आपल्याच तोंडात टाकला. विमलबाईनं डोळे पुसले, पातेलं पाहुण्यांकडे सरकवलं, वामनसाठी ताज्या बोय माशाच्या दोन तळलेल्या तुकड्या आणल्या, आणि तो निवांत जेवायला लागल्यावर समोर ऐसपैस मांडी घालून बसली.

"तर," ती म्हणाली, "आपल्या हळदीपासनं सुरू करते."