सुई मेंढ्याची, मांडी माझी

गरोदरपणाच्या तपासणीचं औषध सोलापुरात तयार करणारा पहिला माणूस मीच होणार, याबद्दल १९७४ साली निदान माझी तरी खात्री होती!

मी डॉक्टर गुरुबसप्पांच्या लॅबमध्ये टेक्निशियन. तिथं ही तपासणी अजून बेडकावर व्हायची. बाईची लघवी बेडकाला टोचायची आणि तो काय म्हणतो त्याची वाट बघायची! मी साहेबांना म्हटलं, "गरोदर बाईच्या लघवीतलं हार्मोन मेंढ्याला टोचू. त्याचं रक्त हार्मोनविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करील. ती काढून घेतली की लघवीतलं हार्मोन तीच ओळखतील, बेडकांना सुट्टी!"

"अरे, हार्मोन लगेच वाहून जाईल की."

"म्हणून तर ते मातीच्या बारीक कणांना चिकटवायचं! कण मांडीत ठाण मांडून बसतील, हार्मोन सावकाश झिरपेल, आणि मेंढ्याच्या शरीराला शत्रू रोज दिसत राहील!"

साहेब खूश! सांगोल्याहून मेंढा आला. मेंढा कसला, शिंगं लावलेला रोडरोलरच! आमच्या शिपायानं, बडेसाबनं, तो कवटाळला.

"घट्ट धर रे!"

"धरलंय की! आदी तुमचा हात थरथरतोय तो धरा!"

तेवढ्यात मेंढ्यानं उसळी मारली. बडेसाब मेंढ्यावर, मी बडेसाबवर, आणि सुई माझ्या मांडीत! औषध झाडून सगळं आत!

"साब, मेंढ्याचं विंजेक्शन तुमाला बसलं की!"

"कुणाला बोलशील तर बघ!"

मी नवी सुई भरून मेंढ्याला टोचली आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं हात धुतले. पण त्या दिवसापासून माझा जीव मांडीत अडकला! चिंच दिसली तरी घाम फुटायचा. खावीशी वाटतेय ती मला, की हार्मोनला?

शेवटी ठरवलं, आपलीच लघवी तपासून टाकू. बेडकाची तपासणी साहेब स्वतः करत. बाटलीवर नाव तर हवं. माझं कसं लिहिणार? हातानं आपोआप बायकोचं नाव लिहिलं. 'सौ. हेमावती'!

पुढच्या आठवड्यात साहेब पेढा घेऊनच समोर आले. "सिद्धाराम, अभिनंदन! कालच बेडूक बोलला!"

मी टेबल धरलं. "साहेब, एवढ्यात कुणाला सांगू नका."

"सांगू नको काय? आमची मंडळी सकाळीच दुधनीला माहेरी गेली. तिथं तुझ्या सासूबाईंना निरोप पोचलासुद्धा असेल!"

संध्याकाळी जीव मुठीत घेऊन घरी गेलो. घरापुढचा ओटा बायकांनी भरलेला. मधोमध माझ्या सासूबाई शरणम्मा गूळ वाटत होत्या! हेमावतीनं मला स्वयंपाकघरात ओढलं.

"अहो, मला न विचारता तपासलंत? पण खरं हाय का हो? देवानं ऐकलं का आपलं?"

लग्नाला सहा वर्षं झाली होती. त्या सहा वर्षांत तिचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. पण आणखी एक दिवस तिला तशा भ्रमात ठेवणं म्हणजे पापच.

"हेमा, ती बाटली तुझी नव्हती."

तिनं माझा हात सोडला. "मग कुणाची? कोण हाय ती?"

"ती कुणी नाही गं!"

"गरोदर हाय आणि कुणी न्हाय?"

बाहेरून सासूबाईंचा हंबरडा. "अय्यो शिवा! जावयानं दुसरी बाई केली!"

"बाई नाही हो!" मी ओट्यावर धावत ओरडलो. "मी! तो मीच!"

सगळ्या बायका माझ्या पोटाकडे बघू लागल्या! शेवटी साहेबांना बोलावणं गेलं. बडेसाबला साक्षीला आणलं. त्यानं सगळं सांगितलं, वर माझ्या मांडीकडे बोटही दाखवलं. बायका तोंडाला पदर लावून पांगल्या. हेमावती मात्र भिंतीकडे तोंड करून रडत होती.

सासूबाईंनी साहेबांना विचारलं, "डाक्टर, ह्याच्या अंगातनं ते कवा जायाचं?"

मी लाजेनं अर्धा झालो होतो, पण साहेबांचे डोळे चमकले! "तेच तर कळायला पाहिजे! कणांना चिकटवलेलं हार्मोन माणसात किती टिकतं, कोण सांगणार? सिद्धाराम, उद्यापासून रोज सकाळी बाटली भरून आणायची!"

त्यानंतर कितीतरी दिवस हेमावती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. सकाळी चहाच्या कपाशेजारी रिकामी बाटली मात्र न चुकता ठेवायची!